वाचकांचे प्रश्न : विरळ होणारे केस आणि त्वचारोगतज्ज्ञांची पायरी

गेल्या अंकात कोंड्याविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना पुरुषांच्या टकलाचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेली पत्रे पाहता हा विषय ओझरता उरकण्यासारखा नव्हता, हे कबूल करायला हवे. पत्रे लातूरपासून हिंगोलीपर्यंतची आहेत आणि लिहिणारे विशीपासून साठीपर्यंतचे. तरी ‘केसांसाठी डॉक्टरकडे गेलो तर लोक हसतील’ हे वाक्य निम्म्याहून अधिक पत्रांत थोड्याफार फरकाने सापडले. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. नावे अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय २४ वर्षे आहे. गाव औसा तालुक्यातील. तीन वर्षांपासून छत्रपती संभाजीनगरला खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. दोन वर्षांत कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकले आहेत आणि टाळूही विरळ दिसू लागली आहे. कांद्याचा रस, सलूनवाल्याने दिलेले तेल, महागडा शाम्पू असे सगळे करून झाले. वडिलांना टक्कल आहे, पण मामांचे केस दाट आहेत, त्यामुळे ‘तू मामावर गेलास, तुला काही होत नाही’ असे आई म्हणते. त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे का आणि ते नेमके काय करतात?

उत्तर : जावे, आणि पुढची परीक्षा होण्याची वाट न पाहता जावे. घाई कशासाठी, ते आधी सांगतो.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता थांबून राहतो आणि गळतो. त्याच मुळातून पुढे नवा केस येतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे स्वाभाविक आहे आणि उशीवर चार केस दिसले म्हणून कोणी धास्तावू नये. पुरुषी टकलात मात्र केस किती गळतात यापेक्षा गळालेल्याच्या जागी कसा केस येतो, हे महत्त्वाचे असते. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते आणि ज्यांच्या कपाळावरच्या व टाळूवरच्या केसांची मुळे त्याला जन्मतःच नाजूक असतात, त्यांची ती मुळे दर खेपेला आखडत जातात. एखाद्या रानात दर हंगामाला ज्वारी उगवावी तर खरी, पण ताट मागच्यापेक्षा बुटके आणि कणीस मागच्यापेक्षा बारीक यावे, तसा हा प्रकार आहे. शेवटी उरते ती नुसती लव. जोवर मूळ आखडत आहे तोवर औषधाला वाव असतो; जिथे वर्षानुवर्षे लवही दिसत नाही, अशा गुळगुळीत जागेवर औषधाने दाट केस उगवण्याची आशा मी कोणाला दाखवत नाही. तुमची दोन वर्षे तेलात गेली, ती या हिशेबाने महाग पडली आहेत.

संप्रेरकाचा हा संबंध नवा नाही. अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही. पण त्यांनाच पुरुषी संप्रेरक दिले, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. याचा अर्थ टक्कल पडणाऱ्याच्या अंगात संप्रेरक जास्त असते असा नाही. ते इतरांइतकेच असते. फरक मुळांच्या नाजुकपणात असतो.

मामांचे म्हणाल, तर आईच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडूनच मिळते. परंतु टकलात एकाच जनुकाचा हात नसतो, अनेक जनुके असतात आणि त्यांतली कित्येक वडिलांकडून येतात. मामांचे दाट केस पाहून निश्चिंत राहता येत नाही.

आता भेटीविषयी. चांगले त्वचारोगतज्ज्ञ आधी लिहायला पेन उचलत नाहीत, विचारत बसतात : केस कधीपासून जातात, एकदम की हळूहळू, गेल्या चार-सहा महिन्यांत मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन कमी होणे असे काही घडले का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, जिममध्ये कोणी इंजेक्शन दिले आहे का. शेवटच्या प्रश्नाला तरुण मुले खाली बघतात. पण स्नायूंसाठी घेतलेल्या संप्रेरकांनी टकलाचा वेग वाढतो, म्हणून हे लपवू नये. त्यानंतर अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत पन्नास-साठ केस धरून ते मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढून पाहतात. त्यांतले सहाहून अधिक हातात आले, तर गळती सध्या जोरात आहे असे समजतात. मग येते डर्मोस्कोप, म्हणजे दिवा लावलेले भिंग, जे टाळूला टेकवले की त्वचा सुमारे दहापट मोठी दिसते. पुरुषी टकलात या भिंगाखाली जाड, मध्यम आणि दोऱ्यासारखे बारीक केस एकमेकांना खेटून उभे दिसतात. नंतर तेच भिंग डोक्याच्या मागच्या भागावर ठेवले, की तिथले सगळे केस एका जाडीचे. हा फरक एकदा रुग्णाला मोबाइलच्या पडद्यावर दाखवला, की मला फारसे समजावून सांगावे लागत नाही.

रक्ताच्या तपासण्या प्रत्येकाला लागत नाहीत. चित्र स्पष्ट असेल तर एकही लागत नाही. डोकेभर केस विरळ होत असतील तर हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा आणि थायरॉइड पाहतात. ‘केसांच्या गोळ्या’ म्हणून बायोटिन घेत असाल तर ते आधी सांगा, कारण त्याने थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. तपासणीपूर्वी काही दिवस ते बंद ठेवावे लागते. जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नका आणि आजवर वापरलेल्या बाटल्या, ट्यूब, गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत घालून न्या. समोरून, वरून आणि दोन्ही कोपऱ्यांतून छायाचित्रे घ्यायला डॉक्टरांना आवर्जून सांगा. रोज आरशात पाहणाऱ्याला सहा महिन्यांतला फरक कळत नाही, चांगलाही आणि वाईटही.

कागदावर ‘ग्रेड ३ व्हर्टेक्स’ असे काही लिहिलेले दिसले तर गोंधळू नका. हॅमिल्टन यांनी १९५१ साली केलेल्या वर्गवारीत नॉरवूड यांनी १९७५ साली सुधारणा केली आणि टकलाचे सात टप्पे ठरवले. त्यातला हा तिसरा, टाळू विरळ झालेला. खाजगी तपासणी परवडत नसेल तर संभाजीनगरातच घाटी या शासकीय रुग्णालयाचा त्वचारोग विभाग आहे, केसपेपर काढा आणि रांगेत बसा. लातूर, नांदेड आणि अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही ही सोय आहे.

कांद्याच्या रसाबद्दल एवढेच, की त्याचा जो लहानसा अभ्यास झाला तो चाईवरचा, म्हणजे गोल चट्ट्यांत केस जाण्याच्या आजारावरचा होता, पुरुषी टकलावरचा नव्हे.

प्रश्न : मी नांदेडला राहतो, वय ३१. मोबाइलवर पाहून मेडिकलमधून ५ टक्के मिनॉक्सिडिल आणले आणि रोज लावू लागलो. तिसऱ्या आठवड्यापासून केस आधीपेक्षा जास्त गळू लागले. घाबरून बंद केले. हे औषध मला मानवत नाही असे समजावे का?

उत्तर : बहुधा औषध लागू पडू लागले होते आणि तुम्ही नेमक्या त्याच वेळी ते सोडले. मिनॉक्सिडिल थांबून राहिलेल्या मुळांना पुन्हा वाढीला लावते, त्यामुळे त्या मुळांतले जुने केस आधी बाहेर ढकलले जातात. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांतली ही गळती आपोआप ओसरते. दुकानदाराने हे एक वाक्य सांगितले असते तर तुमचे पत्र आले नसते. पण ते सांगणे हे दुकानदाराचे काम नाही, डॉक्टरांचे आहे.

हे मुळात रक्तदाबाचे औषध. रक्तदाबासाठी गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढू लागली, तेव्हा डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले आणि १९८८ साली अमेरिकेत ते टाळूला लावण्याचे औषध म्हणून मान्य झाले. एका वेळी १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर लावायचे. केसांवर नव्हे, त्वचेवर. लावल्यावर किमान चार तास डोके धुवायचे नाही आणि हात मात्र लगेच धुवायचे. नांदेडच्या मे महिन्यात दुपारी लावून उन्हात निघालात तर ते घामाबरोबर कपाळावर उतरेल, म्हणून सकाळी लवकर आणि रात्री झोपण्याच्या तास-दोन तास आधी या वेळा बऱ्या. गुण आला की नाही हे चार ते सहा महिन्यांपूर्वी ठरवू नये. खाज सुटली, खवले निघाले तर ते पुष्कळदा औषधामुळे नसून द्रावणातील प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे असते आणि फेसाच्या स्वरूपातले औषध घेतल्याने भागते. छातीत धडधड होणे, चक्कर येणे किंवा पायांवर सूज येणे असे घडले तर मात्र थांबावे आणि दाखवावे. हृदयविकार असणाऱ्याने हे औषध स्वतःच्या मनाने सुरूच करू नये.

एक गोष्ट मी प्रत्येकाला आधी सांगतो, कारण नंतर सांगितली की भांडण होते : औषध सोडले की मिळालेले केस काही महिन्यांत पुन्हा जातात. ते चालू ठेवण्याची तयारी नसेल, तर सुरू न करणे हाही शहाणपणाचाच निर्णय आहे.

प्रश्न : माझे लग्न दीड वर्षापूर्वी झाले, पत्नीला चौथा महिना आहे. धाराशिवला एका त्वचारोगतज्ज्ञांनी मला फिनॅस्टेराइड १ मिलिग्रॅम लिहून दिली. मित्र म्हणतात, या गोळीने पुरुषत्व जाते. एका मित्राने सांगितले, की ५ मिलिग्रॅमची गोळी आणून तिचे चार तुकडे केले तर स्वस्त पडते. काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, म्हणून तो आधी. घरात गर्भवती स्त्री असताना ही गोळी कापू नका, कुटू नका. स्वयंपाकघराच्या ओट्यावर सुरीने तुकडे करताना जी पूड उडते, ती पुसायला पुढे कोण येते, याचा विचार करा. हे औषध त्वचेतून शोषले जाऊ शकते आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष निर्माण होऊ शकतो. अखंड गोळीवर आवरण असते, त्यामुळे तिला नुसता हात लागल्याने धोका नाही. पण पाकीट तुमच्या कपाटात राहू द्या. वीर्यातून जाणारे प्रमाण अत्यल्प असते आणि त्याने गर्भाला अपाय होत असल्याचे आढळलेले नाही. तरीही मन मानत नसेल, तर बाळंतपण होईपर्यंत फक्त मिनॉक्सिडिलवर राहण्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी बोला. पाच-सहा महिन्यांनी फार काही बिघडत नाही.

आता मित्रांच्या भीतीविषयी. या गोळीची कथा १९७४ सालापासून सुरू होते. डॉमिनिकन रिपब्लिक या देशातील काही कुटुंबांत एक विशिष्ट विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असलेली मुले संशोधकांना आढळली. पुढे ती पुरुष म्हणून वाढली, पण त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि त्यांना टक्कल पडले नाही. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारे हेच ते विकर, आणि फिनॅस्टेराइड तेच अडवते. प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम १९९२ साली आणि टकलासाठी १ मिलिग्रॅम १९९७ साली अमेरिकेत मान्य झाली. टकलासाठीच्या मूळ चाचण्यांत कामेच्छा किंवा ताठरतेविषयी तक्रार करणारे पुरुष गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के होते आणि तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के. म्हणजे मित्र सांगतात तसे सर्रास होत नाही, पण काहीच होत नाही असे म्हणणेही खरे नव्हे. बहुतेकांची तक्रार गोळी थांबवल्यावर जाते; काहींनी ती नंतरही राहिल्याचे कळवले आहे. मन उदास होणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणे, हेही दुष्परिणाम नोंदले गेले आहेत, म्हणून पूर्वी नैराश्यावर उपचार झाले असतील तर डॉक्टरांना सांगा आणि गोळी चालू असताना असे काही वाटले तर ती बंद करून त्याच दिवशी दाखवा.

गोळी घेत असाल तर शिवजयंतीच्या किंवा १४ एप्रिलच्या शिबिरात रक्तदान करायचे नाही. शेवटच्या गोळीनंतर एक महिना जाऊ द्यावा लागतो, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढू शकते. चाळिशीनंतर प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी करायची वेळ आली, तर गोळीचा उल्लेख करा. या गोळीने तो आकडा जवळपास निम्मा दिसतो आणि आजार असूनही अहवाल चांगला वाटू शकतो.

प्रश्न : मी गेवराई तालुक्यातील शेतकरी, वय ३८. पंधरा दिवसांपासून डोक्यावरून हात फिरवला की मूठभर केस येतात. आमच्याकडे बोअरचे पाणी फार खारे आहे, त्यामुळेच असे होते असे सगळे म्हणतात. डोके धुवायला फिल्टरचे पाणी आणावे का? अडीच महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता.

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच पत्राच्या शेवटच्या वाक्यात दिले आहे. डेंग्यू, टायफॉइड, कोविड यांसारख्या मोठ्या तापाने वाढीतले पुष्कळ केस एकाच वेळी थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकाच वेळी गळतात. मूळ शाबूत असते. पुढच्या तीन ते सहा महिन्यांत गळती थांबते आणि केस परत येतात. जेवणात डाळ, अंडी, शेंगदाणे असू द्या आणि केसांच्या नावाने विकली जाणारी पाकिटे आणू नका. सहा महिन्यांनंतरही कपाळ व टाळूच तेवढी विरळ राहिली, तर तापाच्या आडून पुरुषी टक्कल उघडे पडले असे समजून तपासून घ्या.

बोअरच्या जड पाण्याने साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात, हे खरे. पण ते मुळाला इजा करत नाही. पाण्यावर संशय घेण्याची आपल्याकडे सवयच आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस काही दिवसांत जाऊ लागले, तेव्हाही पहिला आळ पाण्यावर आला होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्यांच्या आधारे सेलेनियम या खनिजाच्या अतिप्रमाणाकडे आणि रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. एका घरातील किंवा एका गावातील अनेकांचे केस एकाच आठवड्यात जाऊ लागले, तर ते पुरुषी टक्कल नव्हे. तेव्हा तेल शोधत न बसता आरोग्य केंद्राला कळवावे. तुमचे प्रकरण तसे नाही. फिल्टरच्या पाण्याचे पैसे वाचवा.

प्रश्न : माझ्या मुलाचे वय १९ आहे. डोक्याच्या मागे रुपयाएवढी गोल, गुळगुळीत जागा झाली आहे. सासूबाई म्हणतात चाई आहे, बिब्बा लावू. लावावा का? (एक माता, वसमत)

उत्तर : ताई, बिब्बा अजिबात लावू नका. बिब्बा उतला की कातडी भाजते, फोड येतात आणि व्रण राहिला तर तिथे केस कधीच येत नाहीत. जो आजार बरा होण्यासारखा होता तो कायमचा होतो. सासूबाईंचे निदान मात्र बरोबर असावे. चाई हे टक्कल नव्हे आणि किड्याने केस खाल्ल्याचा प्रकारही नव्हे. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. एक-दोन चट्टे पुष्कळदा आपोआप भरतात, नाहीतर त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शने देतात. त्या जागी खवले किंवा तुटक्या केसांचे काळे ठिपके असतील तर तो नायटाही असू शकतो, आणि त्यावर मेडिकलमधले स्टेरॉइडचे मलम चोळले तर तो पसरतो. म्हणून आधी दाखवा.

प्रश्न : वय २२, जालना. एका ठिकाणी केसरोपणावर सवलत चालू आहे, आठ दिवसांत पैसे भरले तर निम्म्या किमतीत. डोक्याचा पुढचा भाग पूर्ण भरून देतो म्हणतात. तपासणी डॉक्टरांनी नाही, तिथल्या समुपदेशकाने केली. करून घेऊ का?

उत्तर : नको. बावीसाव्या वर्षी तुमचे टक्कल कुठवर जाणार हे अजून कोणालाच सांगता येत नाही. मागच्या भागातील केस नव्या जागीही आपला टिकण्याचा गुण सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेंट्रिक यांनी १९५९ साली दाखवले आणि केसरोपण त्यावरच उभे आहे. पण मागचे केस मोजके असतात आणि काढलेले मूळ तिथे पुन्हा येत नाही. ते आजच कपाळावर खर्च केले आणि तिशीत रोपलेल्या पट्टीच्या मागचे केस गेले, तर पुढे केसांची झालर आणि मागे मोकळे मैदान असे रूप होते. असे रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा माझ्याही हाती फारसे काही नसते.

आधी किमान वर्षभर औषध घेऊन गळती स्थिर करा. पुढे कधी करायचेच ठरले, तर मुळे कोण काढणार आणि भूल कोण देणार हे थेट विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, की ही शस्त्रक्रिया त्याचे रीतसर प्रशिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची आहे. नुसते चित्रफिती पाहून किंवा कार्यशाळेला बसून आलेल्यांनी नव्हे. आणि रोपलेले केसही पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि पूर्ण रूप दिसायला वर्ष लागते, हे त्या समुपदेशकाने सांगितले होते का?

प्रश्न : वडील वारले तेव्हा मी मुंडण केले. नंतर आलेले केस दाट वाटतात. वर्षातून एकदा मुंडण करत राहिले तर टक्कल टळेल का? (वय ४१, सेलू)

उत्तर : टळणार नाही. वाढलेल्या केसाचे टोक निमुळते असते, वस्तऱ्याने कापलेल्याचे बोथट. त्यामुळे नवे खुंट हाताला जाड लागतात, पण मुळांची संख्या तेवढीच राहते. मात्र बारीक केस ठेवल्याने विरळपणा कमी दिसतो, हे खरे आहे. आवडत असेल तर खुशाल बारीक ठेवा. फक्त उन्हाळ्यात शेतात जाताना डोक्याला दस्ती बांधत जा.